साठवण-उपकरणांच्या ड्रायव्हरमधील संदर्भ-गणनेचे दोष : स्वरूप, दुरुस्ती आणि अध्यापन

सारांश :

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एकच वस्तू अनेक घटक एकाच वेळी वापरीत असतात. ती वस्तू केव्हा नष्ट करावयाची, याचा निर्णय संदर्भ-गणनेवरून होतो. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांसारख्या साठवण-उपकरणांच्या ड्रायव्हरमध्ये या गणनेत एका अंकाची चूक झाली, तरी स्मृतीची गळती, यंत्रणा बंद पडणे, माहितीचा नाश व सुरक्षाभंग असे परिणाम संभवतात. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलच्या आधारे या दोषांचे स्वरूप, ते जेथे आढळतात ती ठिकाणे, दुरुस्तीची पद्धत आणि दुरुस्तीतून उद्भवणारे नवे धोके यांचे विवेचन केले आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हा विषय कसा शिकविता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : ऑपरेटिंग सिस्टीम, कर्नल, ड्रायव्हर, संदर्भ-गणना, स्मृती-गळती, साठवण-उपकरण.

१. प्रस्तावना

सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे जिल्हे. सांगलीतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांसारख्या संस्थांमुळे या परिसरात तंत्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयांतही आज संगणकशास्त्राचे वर्ग चालतात. ऑपरेटिंग सिस्टीम हा या सर्व अभ्यासक्रमांतील एक अनिवार्य विषय होय. तथापि, त्यात प्रक्रियांचे नियोजन, स्मृती-व्यवस्थापन व फाइल-प्रणाली यांवर जेवढा भर असतो, तेवढा ड्रायव्हरवर नसतो. संदर्भ-गणना तर बहुधा दोन ओळींच्या व्याख्येत आटोपते.

वस्तुतः हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. महाविद्यालयाचे प्रवेश-अर्ज, ग्रंथालयाची नोंदवही, परीक्षेचे गुण हे सारे कोणत्या ना कोणत्या साठवण-उपकरणावर असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी आलेल्या पुरांनी सांगली परिसरातील कार्यालयांना आपले दप्तर वाचविण्याची चिंता किती खरी असते हे दाखवून दिले. पाणी चढू लागले म्हणजे बाहेरून जोडलेली डिस्क रीतसर बंद न करता ओढून काढली जाणे स्वाभाविक आहे. नेमक्या अशाच क्षणी ड्रायव्हरमधील संदर्भ-गणनेची परीक्षा होते. उपकरण सुरळीत चालत असताना जो दोष वर्षानुवर्षे लपून राहतो, तो उपकरण अचानक नाहीसे झाल्यावर प्रकट होतो.

२. संदर्भ-गणना : संकल्पना व पूर्वपीठिका

सांगलीलगतच्या हरिपूर येथे हळद साठविण्याची भूमिगत पेवे प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरात त्यांपैकी अनेकांची हानी झाली. संकल्पना स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका पेवात तीन व्यापाऱ्यांची हळद आहे आणि पेवाच्या मालकाने पाटीवर ‘३’ असा आकडा लिहिला आहे. नवा व्यापारी माल ठेवतो तेव्हा आकडा एकाने वाढतो. एखादा आपला सर्व माल नेतो तेव्हा एकाने घटतो. आकडा शून्य झाला म्हणजेच पेव बुजविण्यास हरकत नाही. माल नेऊनही आकडा घटविला नाही, तर रिकामे पेव कायमचे अडून राहील. उलट, एकाच व्यापाऱ्याने माल नेल्यावर आकडा दोनदा घटविला, तर कोणाचा तरी माल आत असतानाच पेव बुजविले जाईल. संदर्भ-गणनेचे बहुतेक सर्व दोष या दोन प्रकारांत मोडतात आणि त्यांतील दुसरा प्रकार अधिक घातक होय, हे या उदाहरणावरून सहज ध्यानात येते.

संगणकशास्त्रात ही पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये याद्यांच्या व्यवस्थापनासाठी मांडली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी निरुपयोगी स्मृती शोधून गोळा करण्याची पर्यायी पद्धत प्रसिद्ध केली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलने प्रामुख्याने कॉलिन्स यांचा मार्ग स्वीकारला. याचे कारण असे की, स्मृती गोळा करण्यासाठी मध्येच थांबणे कर्नलला परवडत नाही. शिवाय वस्तू नष्ट होताना विद्युतपुरवठा बंद करणे, इंटरप्ट परत करणे यांसारखी कामे निश्चित क्षणी करावी लागतात.

युनिक्सच्या फाइल-प्रणालीत एका फाइलसाठी दोन स्वतंत्र गणना ठेवल्या जातात. एक, डिस्कवर त्या फाइलला किती नावे आहेत याची. दुसरी, स्मृतीत ती फाइल किती जणांनी उघडली आहे याची. विद्यार्थ्यांना हे सहज दाखविता येते. एखादी मोठी फाइल एका प्रोग्रामने उघडून ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीतून ती काढून टाकावी. यादीतून नाव जाते, परंतु डिस्कवरील मोकळी जागा वाढत नाही. प्रोग्राम बंद केला की लगेच वाढते. नावांची गणना शून्य झाली होती, वापरकर्त्यांची नव्हती. दोन्ही शून्य झाल्याखेरीज जागा मुक्त होत नाही.

३. साठवण-उपकरणांच्या ड्रायव्हरमधील विशेष अडचण

पेन ड्राइव्ह जोडल्यावर कर्नलमध्ये एकावर एक अनेक थर उभे राहतात. तळाशी यूएसबीचा थर, त्यावर स्कझीचा थर, त्यावर डिस्कचा ड्रायव्हर, त्यावर ब्लॉक-थर आणि सर्वांत वर फाइल-प्रणाली. प्रत्येक थर आपल्या खालच्या थरातील वस्तूचा संदर्भ धरून असतो. वापरकर्त्याने पेन ड्राइव्ह ओढून काढला की भौतिक उपकरण तत्क्षणी नाहीसे होते. परंतु एखाद्या प्रोग्रामने त्यावरील फाइल उघडी ठेवली असेल, तर वरचे थर अजून जिवंत असतात. अशा वेळी कर्नलने त्या वस्तूंच्या रचना स्मृतीत शिल्लक ठेवावयाच्या, प्रत्येक वाचन-लेखनाला त्रुटीचे उत्तर द्यावयाचे आणि शेवटचा वापरकर्ता बाजूला झाल्यावरच त्या रचना मुक्त करावयाच्या, असा नियम आहे.

यावरून एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. उपकरणाचे अस्तित्व आणि उपकरण दर्शविणाऱ्या रचनेचे आयुष्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. संदर्भ धरून ठेवल्याने उपकरण जागेवर राहत नाही. केवळ त्याची रचना स्मृतीत राहते. अनेक सदोष ड्रायव्हरांच्या मुळाशी या दोहोंची गल्लत असते.

लिनक्सच्या २.६ आवृत्तीत (डिसेंबर २००३) उपकरणांची एकसंध मांडणी आली आणि प्रत्येक उपकरणाच्या रचनेत संदर्भ-गणक समाविष्ट झाला. २००४ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘केरेफ’ नावाची छोटी सुविधा कर्नलमध्ये आणली. तिचे व्यवहार तीन. आरंभी गणक १ करणे, संदर्भ घेताना वाढविणे आणि सोडताना घटविणे. घटविल्यावर शून्य झाल्यास आधी ठरवून दिलेले मुक्ती-कार्य आपोआप बोलाविले जाते.

ज्या रांगेतून डिस्ककडे विनंत्या जातात, तेथे मात्र वेगळी युक्ती करावी लागते. तिच्यातून सेकंदाला लक्षावधी विनंत्या जाऊ शकतात आणि प्रत्येक वेळी सर्व प्रोसेसरांनी एकच गणक बदलावा म्हटले, तर तोच अडथळा ठरतो. लिनक्सच्या ३.११ आवृत्तीत (२०१३) प्रोसेसरनिहाय संदर्भ-गणना आली. बँकेच्या शाखा दिवसभर आपापली रोजकीर्द ठेवतात आणि ताळेबंदाच्या वेळी सर्वांची बेरीज होते, त्याप्रमाणे प्रत्येक प्रोसेसर आपली गणना स्वतंत्र ठेवतो. रांग बंद करण्याची वेळ आली म्हणजे या गणना एकत्र केल्या जातात आणि तेथून पुढे शून्याची प्रतीक्षा केली जाते.

४. दोषांचे प्रकार

(अ) गळती : संदर्भ घेतला, पण सोडला नाही. रचना कधीच मुक्त होत नाही, ड्रायव्हरचे मॉड्यूल काढता येत नाही, आणि काही वेळा उपकरण वीज-बचतीच्या स्थितीत जाऊ शकत नाही. हा दोष संथपणे बाधतो. एकदा घडल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही.

(आ) अकाली मुक्ती : न घेतलेला संदर्भ सोडला, किंवा घेतलेला दोनदा सोडला. गणक वेळेआधी शून्य होतो, स्मृती मुक्त होते, परंतु दुसरा घटक तिचा पत्ता बाळगूनच असतो. दरम्यान तीच स्मृती वेगळ्या कामासाठी दिली गेली असेल, तर जुना घटक नव्या मालकाच्या माहितीवर लिहितो. साठवण-उपकरणाच्या बाबतीत याचा अर्थ, चुकीची माहिती डिस्कवर जाण्याची शक्यता निर्माण होते. हेतुपुरस्सर घडवून आणल्यास या दोषाद्वारे सामान्य वापरकर्त्यास संपूर्ण यंत्रणेचे अधिकार बळकावता येतात.

(इ) अतिप्रवाह : गळती पुरेशा वेळा घडविली तर तिचे रूपांतर दुसऱ्या प्रकारात होते. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेला सीव्हीई-२०१६-०७२८ हा दोष याचे उत्तम उदाहरण आहे. तो साठवण-ड्रायव्हरमधील नव्हता. कर्नलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या विभागातील होता. परंतु त्याचा धडा सर्वत्र लागू पडतो. प्रक्रिया आधीपासून ज्या किल्ली-जुडग्यात आहे त्यातच पुन्हा सामील झाली, तर संदर्भ वाढत असे, पण घटत नसे. गणक ३२ बिटांचा असल्याने ४,२९,४९,६७,२९६ वेळा वाढल्यावर तो फिरून शून्यावर येई आणि वापरातील वस्तू मुक्त होई. दुरुस्ती म्हणजे संदर्भ सोडणारी एक ओळ घालणे, एवढीच होती.

(ई) शर्यत : एक प्रोसेसर यादीतून वस्तू शोधून संदर्भ घेण्याच्या बेतात असतो आणि त्याच निमिषात दुसरा तिचा शेवटचा संदर्भ सोडतो. दोघांचेही आचरण वरवर नियमाला धरून असते, परंतु पहिल्याच्या हाती मृत वस्तू येते. येथे गणक शून्य नसेल तरच वाढविण्याची क्रिया वापरावी लागते, अथवा शोध व शेवटची मुक्ती ही दोन्ही कामे एकाच कुलपाखाली करावी लागतात.

५. दोष कोठे दडतात

दोषांची ठिकाणे पाहता असे दिसते की, ते मुख्य मार्गात क्वचित आणि अपयशाच्या मार्गात वारंवार आढळतात. मुख्य मार्ग रोज हजारो यंत्रांवर चालतो. अपयशाचा मार्ग स्मृती संपली, इंटरप्ट मिळाला नाही वा उपकरणाने उत्तर दिले नाही, तरच चालतो. २०२३ च्या एसओएसपी परिषदेत सादर झालेल्या एका अभ्यासात लिनक्सच्या इतिहासातील अशा एक हजारांहून अधिक दोषांचे विश्लेषण करण्यात आले. गणना करणाऱ्या कार्यांची रचनाच कित्येकदा दिशाभूल करते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होय. त्याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण उपकरण-नोंदणीचे. नोंदणीच्या कार्याने अपयश कळविले, तर रचना सरळ मुक्त करावी, असे कोणासही वाटेल. परंतु या कार्याने आत शिरताच गणक सुरू केलेला असतो आणि उपकरणाच्या नावासाठीही स्मृती घेतलेली असते. म्हणून अपयशानंतरही संदर्भ सोडण्याचेच कार्य बोलाविले पाहिजे, थेट मुक्ती करू नये, अशी स्पष्ट सूचना कर्नलच्या दस्तऐवजात आहे.

दुसरे उदाहरण वीज-व्यवस्थापनाचे. झोपलेल्या उपकरणाला जागे करणारे एक जुने कार्य प्रथम वापर-गणक वाढविते आणि मग जागे करण्याचा प्रयत्न करते. प्रयत्न फसला तरी वाढविलेला गणक तसाच राहतो. अयशस्वी कार्याने काहीच बदलले नसेल, या स्वाभाविक समजुतीने असंख्य ड्रायव्हरांत गळतीचे जणू पेवच फुटले. अखेर ५.१० आवृत्तीत (डिसेंबर २०२०) अपयश आल्यास गणक स्वतःच पूर्ववत करणारे नवे कार्य देण्यात आले.

तिसरे उदाहरण पुनरावृत्तीचे. एआरएम बोर्डांवर कोणती उपकरणे आहेत याचे वर्णन एका वृक्षरचनेत असते. तिच्या शाखांवरून फिरणारी सुविधा प्रत्येक पायरीवर पुढील शाखेचा संदर्भ घेते व मागील सोडते. फेरी पूर्ण झाली तर हिशेब जुळतो. परंतु प्रोग्रामरने मध्येच बाहेर उडी घेतली, तर हाती असलेल्या शाखेचा संदर्भ तसाच राहतो. घेण्याची क्रिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सोडण्याची आठवण राहत नाही.

६. दुरुस्तीची पद्धत

अध्यापनासाठी स्कझी-नियंत्रकाच्या एका कल्पित ड्रायव्हरचा नमुना घेऊ. त्याचे जोडणी-कार्य चार पायऱ्यांचे आहे : (१) यजमान-रचना मिळविणे, येथे गणक १ होतो. (२) उपकरणाला जागे करणे. येथे वीज-वापराचा गणक वाढतो. (३) इंटरप्ट मिळविणे. (४) यजमान-रचना स्कझी-थराला जोडणे. तिसऱ्या पायरीत अपयश आले आणि कार्य तेथूनच परतले, असे समजू. तर पहिल्या दोन पायऱ्यांचे संदर्भ गळाले. दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

पहिली गोष्ट, प्रत्येक संदर्भाचा धनी निश्चित करावा. हा संदर्भ कोणी घेतला, तो कोणाच्या नावे आहे आणि कोणत्या घटनेनंतर सोडला जाणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पायरीपुढे लिहून काढावीत. उत्तर सापडत नसेल, तर हाती घेतलेले कार्य समजले नाही असे मानून त्याचा मूळ मजकूर वाचावा. कार्याच्या नावावरून अनुमान करू नये.

दुसरी गोष्ट, सोडण्याचा क्रम घेण्याच्या क्रमाच्या नेमका उलट ठेवावा. तिसरी पायरी फसली तर दुसरी व मग पहिली सोडावी; चौथी फसली तर तिसरी, दुसरी व पहिली. कर्नलमध्ये यासाठी कार्याच्या अखेरीस उतरत्या क्रमाने खुणा ठेवून अपयशाच्या ठिकाणाहून योग्य खुणेवर उडी घेण्याची प्रथा आहे. ‘गोटू’ विधान वाईट, असे वर्गात शिकविले जाते. येथे मात्र त्याचा शिस्तबद्ध वापर हिशेब सोपा करतो.

तिसरी गोष्ट, विच्छेदन-कार्य त्याच कसोटीवर तपासावे. आधी यजमान-रचना स्कझी-थरातून काढावी, म्हणजे नव्या विनंत्या येणे थांबते. मग इंटरप्ट परत करावा, उपकरणाचा वीज-संदर्भ सोडावा आणि अगदी शेवटी यजमान-रचनेचा संदर्भ सोडावा. ड्रायव्हरची खासगी माहिती बहुधा यजमान-रचनेच्या पोटातच ठेवलेली असते. म्हणून शेवटचा संदर्भ सोडल्यानंतर त्या माहितीला स्पर्श करणे, अगदी ‘उपकरण काढले’ असा संदेश छापण्यासाठीही, हा अकाली मुक्तीचा दोष ठरतो. दोन ओळींची अदलाबदल एवढीच त्याची दुरुस्ती असते.

चौथी गोष्ट, अपयश मुद्दाम घडवून पडताळणी करावी. कर्नलमध्ये स्मृती-वाटप कृत्रिमरीत्या नाकारण्याची सोय आहे. ४.० आवृत्तीपासून (२०१५) उपलब्ध असलेले ‘केसॅन’ मुक्त झालेल्या स्मृतीचा वापर पकडते, २.६.३१ आवृत्तीपासूनचे (२००९) ‘केमेमलीक’ अनाथ झालेली स्मृती दाखविते. परंतु ज्या वस्तूचा पत्ता अजून एखाद्या यादीत आहे तिला केमेमलीक अनाथ समजत नाही. त्यामुळे संदर्भाची गळती त्याच्या नजरेतून सुटू शकते. साधने मौन राहिली म्हणजे दोष नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पाचवी गोष्ट, दुरुस्ती पाठविताना तिचे कारण शब्दांत मांडावे. कोणत्या मार्गाने गेल्यास कोणता संदर्भ राहतो, मूळ दोष कोणत्या बदलाने आला, आणि दुरुस्ती प्रत्यक्ष चालवून पाहिली की केवळ वाचून केली, हे प्रामाणिकपणे नमूद करावे. परीक्षकाचा विश्वास याच निवेदनावर अवलंबून असतो.

७. अतिदुरुस्तीचा धोका

फ्रान्समध्ये विकसित झालेले ‘कोक्सिनेल’ हे साधन प्रोग्रामच्या मजकुरातील ठराविक आकृतिबंध शोधते. ‘संदर्भ घेतला, पण परतण्यापूर्वी सोडला नाही’ असा आकृतिबंध दिल्यास ते शेकडो ठिकाणे काढून देते. नवशिक्याला हे आकर्षक वाटते. परंतु ज्या ठिकाणी संदर्भाची मालकी दुसऱ्या रचनेकडे सुपूर्द केली आहे, तेथे सोडण्याची ओळ घालणे म्हणजे गळती नसताना अकाली मुक्ती निर्माण करणे होय. गळतीने यंत्रणा हळूहळू शिणते. अकाली मुक्तीने ती असुरक्षित होते. म्हणून शंका असेल तेथे दुरुस्ती न करणे, हीच अधिक सुरक्षित भूमिका ठरते.

या संदर्भात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे प्रकरण प्राध्यापकवर्गाने अवश्य अभ्यासावे. तेथील संशोधकांनी २०२० मध्ये, परीक्षकांची दक्षता तपासण्याच्या हेतूने, सदोष दुरुस्त्या जाणीवपूर्वक लिनक्स-समुदायाकडे पाठविल्या. किरकोळ भासणाऱ्या दुरुस्तीच्या आडून अकाली मुक्तीसारखा दोष कर्नलमध्ये शिरू शकतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. एप्रिल २०२१ मध्ये वाद विकोपाला गेला, विद्यापीठाकडून येणाऱ्या बदलांना मज्जाव करण्यात आला आणि संशोधन-निबंध मागे घेण्यात आला. त्या विद्यापीठातून पूर्वी आलेल्या दुरुस्त्या पुन्हा तपासल्या असता बहुसंख्य योग्यच ठरल्या; तरीही त्यांच्या पुनर्तपासणीत अनेक स्वयंसेवकांचा वेळ खर्ची पडला. ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांची संमती घेतलेली नव्हती, हा आक्षेप समाजशास्त्राच्या वा मानसशास्त्राच्या प्राध्यापकास लगेच उमगेल. तांत्रिक संशोधनालाही संशोधन-नीती लागू होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

८. नवे उपाय

दोष होऊ नयेत, यासाठी कर्नलमध्ये तीन स्तरांवर प्रयत्न झाले आहेत. पहिला, ४.११ आवृत्तीत (एप्रिल २०१७) आलेला संतृप्त होणारा संदर्भ-गणक. तो कमाल मर्यादेला पोहोचल्यावर फिरून शून्यावर येत नाही, तेथेच स्थिर राहतो. शून्य झालेला गणक पुन्हा वाढविण्याचा वा आणखी घटविण्याचा प्रयत्न झाल्यास इशारा देतो. अर्थात, वस्तू कधीच मुक्त न होण्याची गळती पत्करून तो घुसखोरी टाळतो.

दुसरा, व्याप्तीनुसार आपोआप सोडवणूक. ६.५ आवृत्तीपासून (२०२३) एखादे चल आपल्या व्याप्तीबाहेर गेले की त्याच्याशी जोडलेले मुक्ती-कार्य आपोआप चालावे, अशी सोय आहे. उपकरण-वृक्षावरील फेरीसाठीही २०२४ मध्ये असे रूप आले. त्यामुळे पाचव्या भागातील तिसऱ्या उदाहरणासारखे दोष लिहिणेच कठीण होते.

तिसरा, रस्ट भाषेचा स्वीकार. ६.१ आवृत्तीत (डिसेंबर २०२२) तिचा कर्नलमध्ये प्रवेश झाला आणि ६.११ आवृत्तीत (२०२४) चाचणीसाठीचा एक ब्लॉक-ड्रायव्हर या भाषेत समाविष्ट झाला. या भाषेत मालकीचा हिशेब भाषांतरकच तपासतो. संदर्भ सोडण्यास विसरणे वा तो दोनदा सोडणे सर्वसाधारण मार्गाने शक्य होत नाही. तथापि, सी भाषेतील लक्षावधी ओळी अद्याप वापरात आहेत आणि पुढील अनेक वर्षे राहणार. त्यांची निगा राखणारी माणसे घडविणे आवश्यकच आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

हा विषय शिकविण्यास महागडी सामग्री लागते, हा समज निराधार आहे. लिनक्समधील ‘स्कझी-डीबग’ हे मॉड्यूल संगणकाच्या स्मृतीतच एक कल्पित स्कझी-डिस्क उभी करते. तिचे प्रारंभिक आकारमान अवघे ८ मेगाबाइट असते. आभासी यंत्रात ती चालविल्यास प्रयोगशाळेच्या मूळ संगणकाला धोका नसतो. तिच्या आधारे पुढील तीन प्रयोग सुचविता येतील.

प्रयोग १ : कल्पित डिस्कवर फाइल-प्रणाली तयार करून ती जोडावी आणि मॉड्यूल काढण्याचा प्रयत्न करावा. ‘मॉड्यूल वापरात आहे’ असा नकार मिळतो. फाइल-प्रणाली विलग केल्यावर तेच मॉड्यूल काढता येते. मॉड्यूलांच्या यादीतील वापर-संख्या प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्यांनी नोंदवावी.

प्रयोग २ : एक फाइल उघडी ठेवून सिसएफएसमधील नोंदीद्वारे डिस्क काढून टाकावी. पेन ड्राइव्ह ओढून काढण्याचे हे अनुकरण होय. प्रोग्रामला त्रुटी मिळते, पण कर्नल कोसळत नाही. तो का कोसळत नाही, याचे स्पष्टीकरण कोणत्या थराने कोणता संदर्भ धरला आहे याच्या आकृतीसह लिहावयास सांगावे.

प्रयोग ३ : सहाव्या भागातील पद्धतीने लहान, मुद्दाम सदोष केलेला ड्रायव्हर द्यावा. विद्यार्थ्यांनी प्रथम केवळ वाचून हिशेबाचा तक्ता मांडावा, नंतर केसॅनसह चालवून पाहावे आणि मग दुरुस्तीचे निवेदन लिहावे. गुणांकनात निवेदनाला दुरुस्तीइतकेच महत्त्व द्यावे.

सातारा ही रयत शिक्षण संस्थेची कर्मभूमी. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून श्रम व शिक्षण यांची सांगड घालण्याचा वारसा येथील महाविद्यालयांना आहे. मुक्त-स्रोत कर्नलची दुरुस्ती हे याच जातीचे काम होय. त्यासाठी प्रवेश-शुल्क नाही, महानगरात राहण्याची अट नाही आणि प्रत्येक बदलाचे परीक्षण उघडपणे होते. मात्र, विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या बदलांची संख्या हा यशाचा निकष मानू नये. संख्येचा हव्यास अतिदुरुस्तीकडे नेतो आणि त्याचा भार परीक्षकांवर पडतो. सत्रभरात एक दोष पूर्णपणे समजणे, हे दहा साचेबंद दुरुस्त्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

१०. निष्कर्ष

१. संदर्भ-गणना ही वरकरणी बेरीज-वजाबाकी असली, तरी तिचा खरा विषय मालकी हा आहे. धनी निश्चित झाल्याशिवाय दुरुस्ती करू नये.

२. साठवण-उपकरणांच्या ड्रायव्हरमधील दोष प्रामुख्याने अपयशाच्या व विच्छेदनाच्या मार्गांत असतात. म्हणून तपासणी व चाचणी यांचा भर त्याच मार्गांवर असावा.

३. गळती व अकाली मुक्ती यांत दुसरा दोष अधिक घातक आहे. पहिल्याची दुरुस्ती करताना दुसरा निर्माण होणार नाही, याची दक्षता घ्यावी.

४. संतृप्त गणक, व्याप्तीनुसार सोडवणूक व रस्ट भाषा यांमुळे नव्या प्रोग्रामांतील दोष कमी होतील. विद्यमान सी प्रोग्रामांसाठी जाणत्या वाचकांची गरज कायम राहील.

५. अभ्यासक्रमातील दोन ओळींच्या व्याख्येला तीन प्रयोगांची जोड दिल्यास हा विषय पदवीस्तरावर समर्थपणे शिकविता येईल. पुराच्या रात्री घाईने काढलेली डिस्क दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता यावी, यासाठी कर्नलमध्ये कोणीतरी हा हिशेब चोख ठेवलेला असावा लागतो. तो ठेवणारे विद्यार्थी याच जिल्ह्यांतून घडविता येणे शक्य आहे.